बागेतली सिम्फनी: थिओडोर थॉमस रोज रात्री नक्की काय आणि कसं वाजवायचे?

मुळामुठा (पुणे)

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमचा तंतुवाद्यांचा एक छोटा गट आहे. व्हायोलिनं, व्हायोला, दोन चेलो आणि एक डबल बास. सगळेच नोकरीधंदा सांभाळून वाजवणारे. पावसाळा सरला की शनिवारी संध्याकाळी एका सार्वजनिक बागेत वाजवायची परवानगी मिळाली आहे. तिकीट नाही. थोड्या खुर्च्या असतील, बाकीचे लोक कट्ट्यावर आणि हिरवळीवर. मुलं घसरगुंडीवर असणार, फाटकाशी भेळेची गाडी असणार आणि आम्ही मधल्या चौथऱ्यावर.

गटात आता दोन तट पडलेत. एक म्हणतो, बागेत येणारा माणूस दिवसभर दमून आलेला असतो, त्याला ओळखीची सिनेमाची गाणी द्या, फार तर एखादं नाचाचं वॉल्ट्झ. दुसरा म्हणतो, हेच वाजवायचं तर वर्षभर हायडन आणि मोत्सार्ट कशासाठी घोटला? यादी करायचं काम माझ्याकडे आलंय, त्यामुळे दोघांचंही ऐकून घेतोय.

वाचता वाचता थिओडोर थॉमस या ऑर्केस्ट्रा-संचालकाचं नाव समोर आलं. न्यूयॉर्क, १८६८ ते १८७५, सेंट्रल पार्क गार्डन, उन्हाळाभर रोज रात्री ऑर्केस्ट्रा. बिअरचे पेले पुढे घेऊन बसलेल्या लोकांना या माणसाने बेटोव्हन आणि वाग्नर ऐकवला म्हणे. त्यांनी यादी कशी लावली? लोक गप्प कसे बसले? आणि हे सगळं त्यांना परवडलं कसं? दुसऱ्या कुठल्या शहरातलं उदाहरण असेल तर तेही सांगा. फक्त 'त्या काळचे लोक रसिक होते' एवढ्यावर थांबू नका, मला शनिवारची यादी करायची आहे.

---

दुसरं व्हायोलिन (क्वीन्स, न्यूयॉर्क)

मुळामुठा, थॉमस हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. मी इथल्या आमच्या वस्तीतल्या हौशी ऑर्केस्ट्रात दुसऱ्या व्हायोलिनांत बसते आणि तालमीला जाताना मला या माणसाची आठवण होतेच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जागेबद्दल, कारण तिथे इथल्या लोकांचाही गोंधळ होतो. सेंट्रल पार्क गार्डन म्हणजे सेंट्रल पार्क नव्हे. पार्कच्या दक्षिण टोकाला, सातव्या ॲव्हेन्यूवर, ५८ आणि ५९ व्या रस्त्यांच्या मधे ती खासगी जागा होती. एक मोठा हॉल, त्याला लागून बाग आणि जोडीला उपाहारगृह. तिकीट काढून आत जायचं, टेबल धरायचं, खायचं-प्यायचं, चिरूट ओढायचा आणि ऐकायचं. खुद्द पार्कात फुकट मैफिली १८५९ पासून होत होत्या, पण त्या डॉडवर्थच्या बँडच्या, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या. उघड्या मैदानात ट्रंपेटचा आवाज लांब जातो. व्हायोलिनचा दहा पावलांवर विरून जातो. थॉमसना व्हायोलिनं ऐकवायची होती, म्हणून त्यांना छप्पर आणि पाठीमागे भिंत लागत होती. तुमचा मधला चौथरा दिसायला कितीही छान असला तरी तो सोडा, असं मी आत्ताच सांगून ठेवते. बागेच्या ऑफिसची किंवा कंपाउंडची भिंत पाठीशी घ्या. चेलो आणि बासला तर ती हवीच.

आता 'परवडलं कसं' हे आधी घेते. माझ्या मते बाकी सगळं त्यातूनच निघतं.

त्या काळी न्यूयॉर्कमध्ये पगारी, कायमचा ऑर्केस्ट्रा नव्हता. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक १८४२ पासून होती, पण ती वादकांनी मिळून चालवलेली संस्था, आणि वर्षाला मैफिली मोजक्याच. त्यावर कुणाचं घर चालणार? वादकांची चूल पेटायची ती नाटकाच्या मंचापुढच्या खड्ड्यात बसून वाजवून, नाचाच्या समारंभांत वाजवून, मिरवणुकीत वाजवून. सिम्फनीची, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीच्या लांब, अनेक भागांच्या रचनेची तालीम आणि नाचाची सुपारी एकाच संध्याकाळी आली की माणूस सुपारी घ्यायचा आणि तालमीला बदली पाठवायचा. त्याला दोष कसा द्यायचा? पण दर वेळी वेगळा माणूस बसलेल्या ऑर्केस्ट्रातून चांगलं वादन निघत नाही, हे तुमच्या गटालाही ठाऊक असेल.

थॉमसना ही ओढाताण आतून माहीत होती. जन्म १८३५ चा, जर्मनीच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या एझेन्स गावचा. वडील गावचे नेमलेले वाजंत्री. दहाव्या वर्षी कुटुंबासोबत न्यूयॉर्कला आले आणि पोर वयातच व्हायोलिन वाजवून घराला हातभार लावू लागले. चौदाव्या वर्षाच्या सुमारास तर एकटेच अमेरिकेच्या दक्षिणेत फिरले. स्वतःच्या मैफिलीच्या जाहिराती हाताने लिहून चिकटवायच्या, दाराशी उभं राहून पैसे घ्यायचे आणि मग आत जाऊन वाजवायचं. दारावरचे पैसे मोजलेला माणूस पुढे संचालक झाला, हे त्यांचे कार्यक्रम पाहताना विसरू नये.

त्यांना हवा होता रोज एकत्र वाजवणारा, तीच माणसं असलेला ऑर्केस्ट्रा. रोज एकत्र ठेवायचं तर रोजचा पगार पाहिजे. रोजचा पगार द्यायचा तर रोज लोक आले पाहिजेत. उन्हाळ्यात नाटकं बंद असतात, वादक रिकामे असतात आणि शहर घरात उकडत असतं. इथला जुलै म्हणजे आपला मे. १८४८ नंतर इथे जर्मन लोक मोठ्या संख्येने आले होते आणि बायकामुलांसह बागेत बसून संगीत ऐकायची सवय त्यांनी सोबत आणली होती. या सगळ्याची सांगड थॉमसनी घातली. १८६६ आणि १८६७ चे उन्हाळे त्यांनी तिसऱ्या ॲव्हेन्यूवरच्या टेरेस गार्डनमध्ये काढले आणि २५ मे १८६८ ला सेंट्रल पार्क गार्डनमध्ये पहिली मैफल केली. पुढे १८७५ पर्यंत दर उन्हाळ्यात तिथे रात्रीमागून रात्री वाजवलं. मैफिलींचा आकडा हजाराच्या वर जातो. उन्हाळा संपला की १८६९ पासून हाच ऑर्केस्ट्रा घेऊन ते गावोगाव दौऱ्यावर निघायचे.

म्हणून तुमच्या गटातल्या दोन्ही तटांना माझं सांगणं आहे की बाग आणि सिम्फनी हे थॉमसच्या हिशेबात एकमेकांचे वैरी नव्हते. बागेतल्या वॉल्ट्झ आणि पोल्का या नाचाच्या चालींनी वादकांचा पगार निघाला. पगार निघाला म्हणून तीच माणसं रोज बसली. रोज बसली म्हणून त्यांचं वादन असं एकजीव झालं की त्यांची सिम्फनी ऐकायला लोक यायला लागले. व्हायोलिनांचे बो (गज) एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली गेले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. आज आपल्याला ते साहजिक वाटतं, तेव्हा ते लोकांना नवं होतं. रोजच्या वादनाशिवाय ते साधलं नसतं.

यादीबद्दल. बागेतल्या मैफिलीचे तीन भाग असायचे, मधे दोन मध्यंतरं. मध्यंतरं लांब, कारण उपाहारगृहाचा धंदाही व्हायला हवा. हलकं आणि भारी एकाच रात्री असायचं, पण शेजारी काय ठेवायचं याचा विचार पक्का. दणदणीत ओव्हर्चर, म्हणजे ऑपेराच्या सुरुवातीच्या तुकड्यानंतर काहीतरी लहान आणि मृदू. सिम्फनी सुरुवातीला अख्खी नाही, तिचा एखादाच भाग. बेटोव्हनच्या आठव्या सिम्फनीतला तो टिकटिक करणारा अॅलेग्रेत्तो घ्या, तो नुसता वाजवला तरी कुणालाही आवडतो. मग तोच भाग पुन्हा काही दिवसांनी, आणि पुन्हा. लोकांना आवडतं ते ओळखीचं असतं म्हणून आवडतं, असं थॉमस मानायचे. त्यामुळे लोकांच्या ओळखीचं तेवढंच वाजवायचं हा एक मार्ग झाला. त्यांनी चांगल्या रचना परत परत वाजवून ओळखीच्या केल्या. रोज रात्री वाजवणाऱ्यालाच हे जमतं आणि तुम्हाला दर शनिवार मिळालाय, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

त्यांची सगळ्यात गाजलेली चीज वॉल्ट्झ नव्हती. शूमानची 'ट्रॉयमराय', मूळ पियानोची इवलीशी रचना. थॉमसनी ती तंतुवाद्यांसाठी बसवली, सगळ्या वाद्यांना म्यूट (आवाज दबवणारी चाप) लावून. शेवट इतका हळू की आवाज कधी संपला ते कळू नये, आणि आवाज थांबल्यावरही बो हवेत चालतच राहायचे. शेकडो माणसं टेबलांवर श्वास रोखून बसायची. आम्ही हे आमच्या ऑर्केस्ट्रात एकदा करून पाहिलं. पाहायला सोपं वाटतं, पण तारेला न टेकता बो त्याच चालीने ओढत राहणं फार कठीण आहे, उजव्या खांद्याचा कस लागतो. जमलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

आणि १८७२ च्या सप्टेंबरात त्याच जागी त्यांनी वाग्नरची 'राइड ऑफ द वॉल्किरीज' वाजवली. लोक खुर्च्यांवर चढून ओरडले. चार वर्षांपूर्वी याच टेबलांवर लोक पोल्कासाठी येत होते. ही चार वर्षं महत्त्वाची. पहिल्याच उन्हाळ्यात हे झालं नसतं.

गप्प बसवण्याबद्दल उद्या लिहिते, आत्ता तालमीला निघायचंय.

---

रुळावरचा (भुसावळ)

ताई, तुमचं 'परवडलं कसं' वाचून राहवलं नाही. आयुष्य रेल्वेत गेलं आणि रेडिओवर स्ट्राउसचे वॉल्ट्झ ऐकत निवृत्त झालो, त्यामुळे या धाग्यात माझाही एक डबा जोडतो.

सेंट पीटर्सबर्गजवळ पाव्लोव्स्क. रशियातला पहिला सार्वजनिक लोहमार्ग १८३७ मध्ये पीटर्सबर्गहून त्सारस्कोये सेलोला सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी पाव्लोव्स्कपर्यंत नेला. तिथे राजवाडा आणि मोठं उद्यान होतं, पण शहरातल्या माणसाने रोज गाडीत का बसावं? म्हणून कंपनीने शेवटच्या स्टेशनावरच उपाहारगृह आणि संगीताची जागा बांधली. गाडीने या, बागेत फिरा, ऐका, गाडीने परत जा. १८५६ पासून धाकट्या योहान स्ट्राउसला व्हिएन्नाहून बोलावलं आणि १८६५ पर्यंत तो दर उन्हाळ्यात तिथे गेला. ऑर्केस्ट्राचा खर्च रेल्वे कंपनीचा, वसुली प्रवाशांच्या भाड्यातून. माझ्या मते रेल्वेच्या इतिहासातला हा सर्वात सुंदर खर्च आहे.

आणि तिथेही नुसती नाचाची गाणी नव्हती. १८६५ च्या उन्हाळ्याच्या शेवटी स्ट्राउसने तिथे एका अनोळखी विद्यार्थ्याचे नृत्यप्रकार वाजवले. विद्यार्थ्याचं नाव चायकोव्हस्की. त्याची रचना सार्वजनिक मैफिलीत वाजली ती त्या वेळी पहिल्यांदा, आणि ती स्टेशनाच्या बागेत!

मुळामुठा, तुमच्या कामाची गोष्ट: स्ट्राउस बंधूंची 'पिझिकाटो पोल्का' १८६९ मध्ये पाव्लोव्स्कलाच पहिल्यांदा वाजली. सगळी तारा छेडून वाजवायची, बो लागतच नाही. तुमच्या गटासाठीच लिहिल्यासारखी आहे. मुलं घसरगुंडी सोडून येतील, खात्री बाळगा.

---

न्यूहाउनची सून (कोपनहेगन)

माझा संगीताचा अभ्यास नाही, पण वीस मिनिटांच्या सायकल अंतरावर टिव्होली ही करमणुकीची बाग असल्यामुळे लिहायला हवंच.

टिव्होली ऑगस्ट १८४३ मध्ये उघडलं. गेओर्ग कार्स्टेनसेन यांनी ते काढलं आणि पहिल्या दिवसापासून संगीत लुम्ब्यू यांच्याकडे दिलं. हान्स क्रिस्तियन लुम्ब्यू मूळचे लष्करी बँडमधले ट्रंपेटवाले. १८३९ मध्ये ऑस्ट्रियाहून आलेल्या एका ताफ्याने कोपनहेगनमध्ये स्ट्राउस आणि लानरची गाणी वाजवली, ती ऐकून त्यांनी स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला. टिव्होलीत ते १८७२ पर्यंत होते. त्यांचा १८४५ चा 'शॅम्पेन गॅलप' इथे आजही वाजतो, सुरुवातीला बाटलीचं बूच उडाल्याचा आवाज येतो तो. पोरांना तो एवढा आवडतो की परत परत म्हणतात.

इथे हिशेब वेगळा होता. बागेत शिरण्याचं तिकीट एकदाच, मग दिवे, आतषबाजी आणि संगीत सगळं त्यातच. म्हणजे ऐकायला कुणी मुद्दाम आलेलं नसायचं, वाटेत थांबायचे. तुमच्या बागेची गत हीच आहे, नाही का? म्हणून मला वाटतं, तुकडे लहान ठेवा. चालता माणूस पाच मिनिटं थांबतो. पाचव्या मिनिटाला तुकडा संपला आणि टाळ्या झाल्या की तो पुढच्यासाठी बसतो. माझी सासू टिव्होलीत असंच ऐकते. एका हातात पॉपकॉर्न असतो, दुसऱ्या हातात नात.

---

दुसरं व्हायोलिन (क्वीन्स, न्यूयॉर्क)

रुळावरचा काका, पाव्लोव्स्कबद्दल फार छान लिहिलंत. न्यूहाउनच्या सुनबाई, पाच मिनिटांचं तुमचं निरीक्षण अगदी नेमकं आहे, थॉमसही लांब रचना बागेत फोडूनच द्यायचे.

आता गप्प बसवण्याचं. थॉमस कडक होते. मंचापुढच्या टेबलावर एक तरुण आपल्या मैत्रिणीसोबत बसला होता आणि ऑर्केस्ट्रा अगदी हळू वाजवत असताना चिरुटासाठी काडीमागून काडी ओढत होता. तेव्हाच्या काड्या कडाडून पेटायच्या. थॉमसनी वादन थांबवलं, मागे वळले आणि त्याला म्हणाले की तुमचं चालू द्या, आमच्याकडे लक्ष देऊ नका. पुढे सगळा हॉल गप्प.

पण दरडावून लोक एकदा गप्प बसतात, रोज येत नाहीत. रोज येण्यासाठी त्यांनी गंमतही केली आणि त्या गमतीतही कान तयार करायची युक्ती होती. टेरेस गार्डनमध्ये एका पोल्काच्या वेळी पिकोलो (छोटी बासरी) वाजवणाऱ्यांना त्यांनी मंचासमोरच्या झाडांवर चढवून बसवलं. वरून पाखरांसारखी शीळ आली, लोक माना वर करून शोधू लागले. 'कार्निव्हल ऑफ व्हेनिस'च्या वेळी ट्यूबा या अवजड पितळी वाद्याच्या वादकाला श्रोत्यांच्या मागे झुडपांत पाठवलं. त्याने वाजवायला सुरुवात केली आणि पोलिसांना वाटलं की कुणी टवाळ मैफल मोडतोय. त्यांनी त्याला धरायला घेतलं! या गोष्टी सांगून लोक हसतात, मला मात्र त्यातलं दुसरं काही दिसतं. शिट्टी कुठून येते हे शोधणारा माणूस त्या क्षणी एकच वाद्य कान देऊन ऐकत असतो. गप्पा मारत बसलेल्याला ऐकायला लावायचा याहून सुंदर उपाय मला माहीत नाही.

तुमच्याकडे बासरीवाला आहे का? असेल तर एका तुकड्यात त्याला श्रोत्यांच्या मागे, झाडाखाली उभा करा. आधी सांगू नका.

---

पर्वरीकर (गोवा)

ताई, तुमी व्हायोलिन मुंबईत शिकलात काय? कुणा गोंयकाराकडे? विचारतो कारण आमच्याकडे हे सगळं वेगळ्या वाटेने आलं.

माझ्या आजोबांना नोटेशन (स्वरलिपी) गावच्या चर्चच्या शाळेत मेस्त्रीनं, म्हणजे संगीताच्या मास्तरानं शिकवलं. आधी सोल्फेज, म्हणजे स्वरांची नावं तोंडाने म्हणायची, मग हातात व्हायोलिन. पोर्तुगीज काळात गावोगाव ह्या शाळा होत्या. नोटेशन वाचता येतं म्हणून गोंयकार मुंबईला गेले, हॉटेलांत वाजवलं, मूकपटांना वाजवलं आणि पुढे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिनांच्या रांगांत बसले. तेव्हा 'सिनेमाची गाणी की मोत्सार्ट' हा वाद त्यांच्यात नव्हता. सकाळी चर्चमधलं मास (प्रार्थना), दुपारी रेकॉर्डिंग, रात्री नाच. तीच बोटं, तोच बो.

बागेतलं म्हणाल तर पणजीला गार्सिया द ओर्ता बागेत बँडस्टँड आहे, मुंबईला कूपरेजचा बँडस्टँड १८६७ चा. पण तिथे चालायचा तो बँड, पितळी. तंतुवाद्यं घेऊन उघड्यावर बसायचं तर ताईंचं खरं आहे, भिंत लागते. आणखी एक. संध्याकाळी दव पडायला लागलं की सूर हलतो, चेलोवाल्याला विचारा. सूर्य मावळायच्या आत भारी तुकडा वाजवून घ्या आणि मध्यंतरात सगळ्यांनी परत सूर मिळवा. श्रोत्यांसमोर मिळवायला लाजू नका.

---

मुळामुठा (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तालमीला हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. पिझिकाटो पोल्कावर दोन्ही तट एक झाले. बासरीवाला झाडाखाली उभा राहायला तयार आहे.

कच्ची यादी अशी केलीय. सुरुवातीला मोत्सार्टचं डी मेजरमधलं डिव्हर्टिमेंटो ही हलकीफुलकी रचना (यादीतला क्रमांक के. १३६), पहिला भाग. मग सिनेमाची दोन गाणी. मग हायडनच्या क्वार्टेटमधला (चार तंतुवाद्यांच्या रचनेतला) संथ भाग, मग मोत्सार्टचंच 'आइने क्लाइने नाख्टम्युझिक' पूर्ण, शेवटी पिझिकाटो पोल्का आणि आणखी एक गाणं. ताई, नजर टाकाल का?

आणि एक राहिलंच. १८७५ नंतर थॉमसचं काय झालं? इतकं छान चालत असताना थांबले का?

---

दुसरं व्हायोलिन (क्वीन्स, न्यूयॉर्क)

पर्वरीकर, हो, गिरगावात, एका गोंयकार सरांकडे. सोल्फेज म्हटल्याशिवाय त्यांनी मला व्हायोलिनला हात लावू दिला नाही. माझ्यात जे काही आहे ते त्यांचं आहे.

थॉमसचं उत्तर आनंदाचं नाही. त्यांच्या पाठीशी ना सरकार होतं, ना रेल्वे कंपनी, ना टिव्होलीसारखं फाटकावरचं तिकीट. वादकांचा पगार ते स्वतःच्या जबाबदारीवर द्यायचे. लोक आले तर सगळं ठीक, नाही आले तर कर्ज त्यांच्या नावावर. १८७१ च्या ऑक्टोबरात ऑर्केस्ट्रा घेऊन ते शिकागोला पोचले तेव्हा शहर जळत होतं. ठरलेलं नाट्यगृहही गेलं. ती सगळी खोट एका माणसावर. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाला शतकमहोत्सवी प्रदर्शन भरलं, तिथे त्यांनी न्यूयॉर्कसारख्याच उन्हाळी मैफिली मांडल्या आणि लोक फिरकले नाहीत. जप्ती आली. ज्यांच्यावर सगळं काम चालायचं त्या स्वरलिप्यांचा, पार्ट्सचा संग्रहसुद्धा लिलावात निघाला. एका मित्राने तो विकत घेतला आणि पुढे परत केला. हे वाचताना मला दर वेळी त्या मित्राला नमस्कार करावासा वाटतो.

मग १८७७ पासून शिकागोत तळ्याकाठच्या प्रदर्शनाच्या इमारतीत त्यांनी उन्हाळी रात्रींच्या मैफिली सुरू केल्या, पद्धत तीच. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचेही ते अनेक वर्षं संचालक होते. पण कायमचा ऑर्केस्ट्रा त्यांना न्यूयॉर्कने दिला नाही. १८९१ मध्ये सातव्या ॲव्हेन्यूवरच, जुन्या गार्डनच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, कार्नेगी हॉल उघडला आणि त्याच वर्षी थॉमस शिकागोला निघून गेले. तिथे पन्नासेक व्यापाऱ्यांनी दर वर्षी प्रत्येकी हजार डॉलरची हमी तीन वर्षांसाठी घेतली आणि शिकागोचा ऑर्केस्ट्रा उभा राहिला, तो आज जगातल्या उत्तमांपैकी एक आहे. न्यूयॉर्कची मी आहे, तरी म्हणते, माझ्या शहराने या माणसाचं देणं फेडलं नाही. १९०४ च्या डिसेंबरात शिकागोत त्यांच्या ऑर्केस्ट्रासाठी स्वतंत्र सभागृह झालं. तिथे थोड्याच मैफिली करून जानेवारी १९०५ मध्ये ते गेले.

म्हणून मुळामुठा, पहिल्या शनिवारच्या आधी खर्चाचं बोलून घ्या. बाग फुकट असेल, पण खुर्च्या, दिवे, बासची ने-आण याला पैसे पडतात आणि ते गुपचूप एकाच माणसाच्या खिशातून जातात. तुमच्या गटात तो माणूस कोण आहे हे मला माहीत नाही, पण असणारच. वर्गणी करा.

आता यादी. डिव्हर्टिमेंटोने सुरुवात छान, तो तुकडा लांबूनही ओळखू येतो आणि लोक वळतात. त्यानंतर लगेच गाणी नकोत. गाण्यांनंतर मोत्सार्ट किंवा हायडन ठेवलात की बसलेले उठायला लागतात, त्यांना वाटतं आपलं झालं. हायडनचा संथ भाग दुसरा घ्या, उजेड असतानाच, पर्वरीकर म्हणतात तसं दव पडायच्या आधी. मग दोन गाणी, दुसऱ्या गाण्यात बासरीवाला झाडाखाली. मग मध्यंतर आणि सूर मिळवणं.

'नाख्टम्युझिक' पूर्ण नको, तिचे चार भाग बागेत सलग टिकणार नाहीत. त्यातला दुसरा, रोमान्झ, तेवढा घ्या. पण तोच पुढच्या शनिवारीही घ्या आणि त्याच्या पुढच्याही. गटातले कुरकुर करतील की परत तेच, त्यांना करू द्या. ज्या दिवशी पहिल्या दोन मापांनंतर (आवर्तनांनंतर) कट्ट्यावरचं कुणी शेजाऱ्याला 'हे ते मागचं' असं म्हणेल, त्याच्या पुढच्या शनिवारी चारही भाग वाजवा. पिझिकाटो पोल्का शेवटी ठेवा, तिच्यानंतर गाणं नको. मुलं 'परत, परत' म्हणतील तेव्हा तीच परत वाजवायची.

ट्रॉयमराय पहिल्या महिन्यात घेऊ नका. आधी आवाज सांभाळायला शिका, मग आवाज नसताना बो चालवा. आमच्या गटासाठी मी हाताने उतरवलेले पार्ट आहेत, पाच वाद्यांचे, बो कुठे वर आणि कुठे खाली ते लिहिलेले. स्कॅन करून पाठवते, पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या. आणि प्रत्येक स्टँडला कपड्यांचे दोन चिमटे लावा. वाऱ्याने पान उलटलं की दुसऱ्या व्हायोलिनांचं सगळ्यात आधी चुकतं, कारण आमच्याकडे चाल नसते, नुसती साथ असते, ती पाठ होत नाही.